टीव्ही आला आणि पुढाऱ्यांचं भाषण कुणासाठी राहिलं?

माडाखालचा (धागाकर्ता)

बॅ. नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये गेले. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. राजापूर मतदारसंघातून १९५७, ६२ आणि ६७ असे तीनदा निवडून गेलेला, वेंगुर्ल्यात जन्मलेला हा वक्ता कोकणातल्या कुठल्याच घरात टीव्हीवर बोलला नाही. त्यांच्या सभा ऐकलेली माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. आमच्या आळीतल्या एकांना विचारलं तर भाषणाचा विषय त्यांना धड सांगता येईना, पण नाथ पै कुठे थांबले, लोक कधी हसले आणि टाळी पडायच्या आधी मैदान कसं गप्प झालं हे मात्र बारकाव्यानिशी सांगितलं.

धाग्याचा विषय तोच. मैदानातलं भाषण दोघं मिळून करायचे, बोलणारा आणि ऐकणारे. आपल्याकडे देवापुढे घालतात ते गाऱ्हाणं आठवा. घालणारा एक, पण समोरून 'व्हय महाराजा' आल्याशिवाय पुढचं वाक्य निघतच नाही. जुन्या वक्त्यांचं तसंच होतं. लोक कुजबुजायला लागले की ते मुद्दा आवरायचे, हसले की तोच धागा आणखी ताणायचे. टीव्हीसमोर बसलेला माणूस 'व्हय' म्हणाला काय आणि चहा ओतायला उठून गेला काय, बोलणाऱ्याला पत्ता नाही. तरी आज प्रत्येक मोठं भाषण त्याच न दिसणाऱ्या माणसासाठी होतं. माझं म्हणणं एवढंच की टीव्हीने भाषणाची भाषा नंतर बदलली, आधी भाषणाचा ऐकणारा बदलला. समोर बसलेली माणसं ही पार्श्वभूमी झाली.

सुरुवात अर्थात रेडिओने केली. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट १९३३ पासून रेडिओवरून असे बोलायचे की जणू समोरच्या खुर्चीतल्या एका माणसाशी बोलतायत. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष ट्रूमन यांनी ५ ऑक्टोबर १९४७ ला व्हाइट हाउसमधून पहिल्यांदा टीव्हीवर भाषण केलं, आणि विषय काय, तर युरोपातल्या उपाशी लोकांसाठी अन्नधान्य वाचवा. बघायला तेव्हा मोजकेच संच होते. आपल्याकडे २६ जून १९७५ ला आणीबाणीची बातमी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरूनच दिली, टीव्हीचा विचार करायचं कारणच नव्हतं. सात वर्षांनी, १५ ऑगस्ट १९८२ ला, लाल किल्ल्यावरचं त्यांचंच भाषण देशभर थेट दिसलं. दूरदर्शनचा राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण दोन्ही त्याच दिवसापासूनचं.

तुमच्या भागातलं काय दिसतं ते लिहा. अमुक पुढारी चांगला की वाईट यावर धागा नेऊ नका, त्यासाठी शेजारी चार धागे पेटलेले आहेतच.

जुना_सभाबाज

विषय आवडला, पण सगळं खापर टीव्हीवर कशाला? पहिला घाव कर्ण्याने घातला. माझे वडील सांगायचे, कर्णा नव्हता तेव्हा वक्त्याला मुळात छाती लागायची. शाळेच्या पटांगणात पेट्रोमॅक्स लावायच्या, टेबलावर सतरंजी, आणि शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायचा तर वाक्यं आखूड आणि शेवटचा शब्द ओढून म्हणायचा. कर्णा आला आणि कुजबुजता येणारा माणूसही वक्ता झाला.

मधू दंडवतेंच्या सभांना मी स्वतः जायचो. १९७१ ते १९९१ राजापूरचे खासदार. प्राध्यापकी थाट, आकडे तोंडावर, मधेच मिस्कील टोला. ७७ ला रेल्वेमंत्री झाले आणि दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या, ते तर लोकांच्या पाठीनेच लक्षात ठेवलं. त्यांच्या भाषणातलं एकच वाक्य कापून बातमीत लावा बघू. लागणारच नाही, कारण आधीची दहा मिनिटं ऐकल्याशिवाय टोला समजायचाच नाही.

आणि टीव्हीच्या ताकदीबद्दल एक उलटा दाखला. ६ फेब्रुवारी १९७७, रविवार. दिल्लीत रामलीला मैदानावर जयप्रकाश आणि जगजीवनराम यांची सभा. त्या संध्याकाळी दूरदर्शनने मुद्दाम एक गाजलेला हिंदी सिनेमा लावला, लोक घरीच बसावेत म्हणून. तरीही मैदान भरलं. त्याच निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षांना आकाशवाणी-दूरदर्शनवर बोलायला वेळ मिळाला, विरोधकांनाही. तोवर सरकारी पडद्यावर फक्त सरकार.

गजालकार_मालवण

ह्यो धागो वाचून माका आमच्या वाडीतलो पयलो टीव्ही आठवलो. मुंबैकारान गणपतीक हाडलेलो. अँटेना माडार बांधलेली. वारो सुटलो की चित्र गायब, नुसते मुंगये. मगे एक पोर माडार चडान वरसून 'इला काय?' म्हणान इचारी, आणि खळ्यातली सगळी माणसां एकदम 'नाय, नाय, हां, हांऽऽ, रव थयच!'

चौऱ्याऐंशीत इंदिरा गांधी गेली, तेवा आख्खो गाव त्या खळ्यात. बायलमाणसां रडत होती. त्या दिसापर्यंत तिका आमच्यातल्या कोणी धड बगूकच नव्हता, रेडिओर आवाज तेवडो आयकलेलो. माझो मुद्दो इतकोच, टीव्हीन पुढारी जवळ हाडलो. आता इतको जवळ की रिमोटार हात शिवशिवता.

खाडीपलीकडचा

गजालकार, 'रव थयच' वाचून हसून हसून पुरेवाट. आमच्याकडे तर त्या पोराला जेवण वरच पाठवायची वेळ यायची.

कोकणकन्या_एक्सप्रेस

या विषयावर १९६० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीतली केनेडी-निक्सन वादचर्चा आलीच पाहिजे, मीच टाकते. २६ सप्टेंबर १९६०, शिकागोतला स्टुडिओ, सुमारे सात कोटी प्रेक्षक. निक्सन नुकतेच गुडघ्याच्या दुखण्याने रुग्णालयात राहून आलेले, वजन उतरलेलं, शर्टची कॉलर सैल. फिकट राखाडी सूट मागच्या भिंतीत मिसळून गेला. नीट मेकअप नको म्हणाले, नुसती दाढीची खुंटं झाकायची पावडर लावली आणि दिव्यांच्या उष्णतेने हनुवटीवर घाम. केनेडी गडद सुटात, उन्हात रापलेले, आणि मुख्य म्हणजे प्रश्नाचं उत्तर देताना निक्सनकडे न बघता कॅमेऱ्याकडे बघत होते. निक्सन केनेडींकडे वळून वळून मुद्दे खोडत होते, कॉलेजातल्या वादस्पर्धेत करतात तसे. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असं वाटलं आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना केनेडी, ही गोष्ट सगळ्यांना माहीत आहेच.

शंकासुर_गुहागर

नावाला जागतो. ती रेडिओ-टीव्हीची गोष्ट जितकी सांगितली जाते तितकी भक्कम नाही. ती एका पाहणीवर उभी आहे आणि त्यात रेडिओ ऐकणारे जेमतेम तीनशेच्या आतले. त्यात १९६० पर्यंत अमेरिकेत बहुतेक घरांत टीव्ही आलेला होता, मग रेडिओवरच राहिलेला माणूस कोण? बराचसा खेड्यातला, आणि कदाचित आधीपासूनच निक्सनच्या बाजूचा. घामाने निवडणूक फिरली असं छातीठोक म्हणता येत नाही.

गंमत म्हणजे याच निक्सनने आठ वर्षांपूर्वी टीव्हीवरच स्वतःची कातडी वाचवली होती. २३ सप्टेंबर १९५२. निधीवरून आरोप, उपाध्यक्षपदाची उमेदवारी जायच्या बेतात. अर्धा तास टीव्हीवर येऊन घराचं कर्ज, जुनी मोटार, बायकोचा साधा कापडी कोट, सगळा हिशेब मांडला. वर म्हणाले, मुलींना भेट आलेला चेकर्स नावाचा कुत्रा काही मी परत करणार नाही. बायको बाजूला बसलेली, अधूनमधून कॅमेरा तिच्यावर. पाठिंब्याच्या तारांचा पाऊस पडला. म्हणजे निक्सनला टीव्ही कळत नव्हता असं नाही, साठ साली तो टीव्हीपुढे वकिली करत बसला.

माडाखालचा

शंकासुर, मस्त. आणि बघा, त्या कुत्र्याच्या भाषणाला समोर श्रोता एकही नव्हता. रिकामं नाट्यगृह आणि कॅमेरा. ही टीव्हीची स्वतःची जात. आपल्याकडची उदाहरणं म्हणजे ८ नोव्हेंबर २०१६ चं नोटबंदीचं आणि २४ मार्च २०२० चं लॉकडाऊनचं भाषण, दोन्ही रात्री आठला. मैदान नाही, मांडव नाही, टाळी नाही. दोन्ही वेळा लोकांनी उत्तर दिलं ते रस्त्यावर. दापोलीच्या बाजारात लॉकडाऊनचं भाषण संपायच्या आत किराणा दुकानापुढे ही झुंबड, आणि दुकानदार आतून ओरडतोय, 'अहो, पुढचं ऐकू तरी द्या!'

रायगडची_सून

सगळे पुरुष 'मैदानातली ती मजा' म्हणून हळहळताय, म्हणून लिहिते.

त्या मैदानात आम्ही कुठे होतो? सभा रात्री, जेवणं आटोपून. म्हणजे पुरुषांची जेवणं. आमची भांडी व्हायची तेव्हा सभेत आभारप्रदर्शन चालू. सासूबाईंनी साठ वर्षं मतदान केलं, सभेला गेल्या एकदा, तेही देवळाच्या मागच्या अंगाला बायकांच्या घोळक्यात उभ्या राहून. काय ऐकलंत विचारलं तर म्हणाल्या, कर्णा दुसरीकडे तोंड करून होता.

टीव्ही आला तशी त्यांनी पहिल्यांदा भाषणं पूर्ण ऐकली, माजघरात तांदूळ निवडत. वाजपेयी त्यांना आवडायचे. मे १९९६ मध्ये तेरा दिवसांचं सरकार पडलं तेव्हा लोकसभेतली चर्चा थेट दाखवली होती. विरोधकांना मतं देणाऱ्या सासूबाई सूप बाजूला ठेवून ऐकत होत्या. 'व्हय महाराजा' म्हणणाऱ्यांत बायका नसायच्याच, माडाखालचा. त्यामुळे ऐकणारा बदलला हे बरोबर, पण तो नुसता दूर गेला नाही, नवीन माणसं आत आली.

माडाखालचा

हा मुद्दा मूळ धाग्यात हवा होता. वाजपेयींचा विषय काढलात तर त्यात भर घालतो. त्यांचं थांबणं! वाक्य अर्ध्यावर सोडायचे, डोळे मिटायचे, आणि मग दोन शब्दांत पूर्ण. रेडिओवर एवढी शांतता गेली तर लोक संच थोपटून बघतात. मैदानात शेवटच्या रांगेला वाटतं माइक गेला. टीव्हीवर मात्र ती जागा चेहरा भरून काढतो. त्यांची सवय टीव्हीच्या आधीची, मैदानातच कमावलेली, पण ती पुरती फळली कॅमेरा जवळ आल्यावर. म्हणजे टीव्हीने वक्तृत्व मारलं असं मी म्हणत नाहीये. ज्यांच्याकडे चेहरा होता त्यांना त्याने दिलंच.

टेलिप्रॉम्प्टरबद्दल कुणी लिहील का? रत्नागिरीत एक सदस्य कॅमेऱ्याच्या धंद्यात आहेत ना?

ट्रायपॉड_रत्नागिरी

हाक ऐकली. जिल्ह्यात स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे वाहिन्यांना चित्रण पुरवत, बरीच वर्षं काढली आहेत, तर आतलं सांगतो.

आधी प्रॉम्प्टर. वक्त्याच्या दोन्ही बाजूंना दांड्यांवर तिरक्या काचा असतात. खाली जमिनीवर मॉनिटर, त्यावर अक्षरं उलटी. काचेत ती सुलटी होऊन वक्त्याला दिसतात, समोरच्यांना काच आरपार. एक माणूस कुठेतरी बसून मजकूर सरकवतो, आणि वक्ता थांबला की त्यालाही थांबावं लागतं. हे यंत्र मुळात १९५० च्या सुमारास अमेरिकेत टीव्हीवरच्या नटांसाठी निघालं. पुढारी त्याला लगेच चिकटले, कारण कागदात मान घातली की कॅमेऱ्याला टक्कल दिसतं. खूण ओळखायची असेल तर मान बघा, डावी काच, उजवी काच, ठरलेल्या अंतराने. मधे समोर बघणं कमी.

आता आपल्या सभा. स्टेजसमोर सुरक्षेसाठी मोकळी ठेवलेली जागा असते, तिला 'डी' म्हणतात. त्याच्या मागे आमचं लाकडी मचाण, स्टेजच्या उंचीचं, म्हणजे नेता नजरेच्या रेषेत येतो. परिणाम? मचाणाच्या मागे बसलेल्यांना नेता दिसतच नाही. संगमेश्वरकडून टेम्पोत बसून आलेला माणूस तीन तास आमची पाठ बघतो आणि बाजूच्या एलईडी पडद्यावर सभा बघतो. दरवेळी मागून 'ओ कॅमेरावाले, बसा खाली' हे ठरलेलं.

मोठ्या नेत्यांचं चित्रण आता आम्ही करतही नाही. पक्षाचीच टीम असते, क्रेनवर कॅमेरा, पाच-सहा अँगल, आणि सगळ्या वाहिन्यांना तेच तयार फीड. कुठली टाळी दाखवायची, कुठली रिकामी खुर्ची गाळायची, त्यांच्या हातात. खुर्च्या पुढून भरत आणतात ते याचसाठी. किनाऱ्यालगतचं मैदान असेल तर संध्याकाळचा वारा माइकात घोंघावतो, म्हणून वाऱ्याकडे पाठ येईल असं स्टेज बांधायला आम्ही सांगायचो. आता ते सूर्य बघून बांधतात, चेहऱ्यावर उजेड यावा म्हणून. आवाज गेला तरी चालेल, चेहरा हवा!

आणि बाइट. नेत्याचा माणूस भाषणाआधीच कानात सांगतो, 'पाण्याच्या मुद्द्यावर रेकॉर्ड चालू ठेवा.' म्हणजे बातमीत जाणारं वाक्य तिथे आहे. अमेरिकेत याचा हिशेब झालेला आहे. १९६८ च्या निवडणूक बातम्यांत उमेदवाराच्या तोंडचं सलग बोलणं सरासरी ४० सेकंदांच्या वर असायचं, १९८८ ला ते १० सेकंदांच्या आत आलं. दंडवतेंचा टोला बसणार कुठे!

शंकासुर_गुहागर

संसदेतही तेच. ब्रिटनच्या कॉमन्स सभागृहात कॅमेरे शिरले २१ नोव्हेंबर १९८९ ला, आणि सदस्य बोलणाऱ्याच्या भोवती दाटीवाटीने बसायला लागले, बाक भरलेले दिसावेत म्हणून. अमेरिकेत लिंडन जॉन्सन यांनी १९६५ मध्ये काँग्रेससमोरचं वार्षिक भाषण दुपारवरून रात्री नऊला नेलं, घरी लोक टीव्हीपुढे असतात म्हणून. आणि रेगन मुळातले नट. १९८२ ला त्यांनी त्याच भाषणात गॅलरीकडे बोट केलं. तिथे लेनी स्कटनिक बसलेला, दोन आठवड्यांपूर्वी पोटोमॅक नदीत विमान कोसळलं तेव्हा बर्फाळ पाण्यात उडी मारून एका बाईला वाचवणारा सरकारी कर्मचारी. सभागृह उभं राहिलं. तेव्हापासून गॅलरीत असे पाहुणे बसवणं प्रत्येक अध्यक्षाने चालू ठेवलंय. मुद्दा सांगायचा नाही, माणूस दाखवायचा.

दर्यावर्दी_हर्णै

एक चांगली गोष्ट कुणीच लिहिली नाही. टीव्हीच्या आधी पुढारी इथे एक आणि मुंबईत दुसरं बोलायचे. हर्णै बंदरावर मच्छीमारांना डिझेलचं वचन, गिरगावात चाकरमान्यांना वेगळंच काही. दोघांची भेट गणपतीत व्हायची तोवर मतदान होऊन गेलेलं. आता सकाळी बोललेलं दुपारी मुंबईच्या पोराच्या फोनवर येतं. २०१९ ला राज ठाकऱ्यांनी तर यावरच अख्खा प्रचार उभा केला. 'लाव रे तो व्हिडिओ'. लोकसभेला स्वतःचा एक उमेदवार नाही, आणि मैदानं भरलेली. स्टेजवर पडदा, जुनं भाषण दाखवायचं आणि मग बोलायचं. टीव्ही मैदानात परत आला म्हणा.

त्याच वर्षी १८ ऑक्टोबरला साताऱ्यात पवारांची पावसातली सभा. मतदानाला तीन दिवस. काय बोलले ते कितीजणांना आठवतं? लोकसभेला उमेदवार निवडताना चूक झाली असं काहीसं म्हणाले होते. पण चित्र सगळ्यांना आठवतं. आमच्याकडे पावसात भिजत उभं राहण्याचं कौतुक कुणाला नाही, आम्ही अर्धं वर्ष तेच करतो, तरी आमच्या जेट्टीवर चार दिवस त्याचीच चर्चा.

श्रीवर्धनकर

आमच्याकडे एकदा टीव्हीच काढून घेतला गेला होता. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे, टॉवर बंद. कित्येक दिवस वीज नाही. त्या काळात मुख्यमंत्री फेसबुकवरून बोलायचे, सगळ्या वाहिन्या ते दाखवायच्या, आणि ज्यांच्या नावाने बोलणं चालू होतं त्या आमच्यापर्यंत काहीच पोचत नव्हतं. कुणी माणगावला जाऊन फोन चार्ज करून यायचा आणि सांगायचा. भाषण किती का लांब असेना, आमच्यापर्यंत आलं ते 'पंचनामे होणार म्हणाले' एवढंच. पुढचा प्रश्न एकच, किती देणार? ते सांगणाऱ्याला माहीत नसायचं. हावभाव, चेहरा, आवाज सगळं गाळून भाषणात काय उरतं, ते आम्ही तेव्हा बघितलं.

जुना_सभाबाज

श्रीवर्धनकर, हे अगदी आमच्या लहानपणीच्या सारखं. सभेला गेलेला एक जण परत येऊन पारावर सांगायचा. फरक इतकाच की तो नक्कल करून सांगायचा, दशावतारी असल्यासारखा, आणि पदरचं घालायचा ते वेगळं.

खाडीपलीकडचा

मोठ्यांचं झालं, आता खालचं सांगतो. गेल्या निवडणुकीत आमच्या वाडीत एक उमेदवार आला. समाजमंदिरात माणसं पन्नास-साठ. समोर मोबाइल स्टँडवर लावून लाइव्ह चालू, आणि साहेब सगळं त्या मोबाइलकडे बघून बोलतायत. 'माझ्या तमाम बंधू-भगिनींनो' म्हणून हात वर, आणि पंख्याला लागता लागता वाचला. बाइटसारखं एक वाक्य पाठ करून आणलेलं, ते दोनदा म्हणाले, कारण पहिल्या वेळी नेटवर्क गेलं होतं.

मधेच आमच्या वाडीतल्या एका आजोबांनी उठून विचारलं, ओढ्यावरचा साकव कधी दुरुस्त करणार? पावसात पोरं शाळेत जाऊ शकत नाहीत. साहेबांनी मोबाइलकडे बघूनच उत्तर दिलं, 'चांगला प्रश्न विचारलात, ताई.' लाइव्हवर कुणीतरी कॉमेंट टाकली होती म्हणे, तिला ते उत्तर होतं. आजोबा उभेच.

गजालकार_मालवण

मगे साकव झालो काय?

खाडीपलीकडचा

सर्व्हे झाला. फोटो टाकलेत त्यांनी.